तिन्ही वाहनांतून दिसणारा पाळणा

एका जंगलात, बाळांनो, कुणालाही कुठे पोचायची घाई नव्हती. पण जायचं कशानं, याची काळजी मात्र मुंगीपासून गव्यापर्यंत सगळ्यांना होती.

त्या जंगलाची एक रीत होती. कुणी परगावी जाऊन आलं की सगळे वडाखाली जमायचे आणि एकच विचारायचे, "जायला-यायला कसं होतं?" काय पाहिलं, कोण भेटलं, मजा आली का, हे कुणी विचारत नसे. कशानं गेलात, मध्ये कुठे बदललंत, बसायला मिळालं का, कडेची जागा मिळाली का, एवढंच. ज्याला हे रंगवून सांगता यायचं त्याला वडाखाली पुढच्या रांगेत बसवत. ज्याला सांगता यायचं नाही त्याची जागा मागे, मधमाश्यांच्या पोळ्याखाली.

हसू नका. घरी पाहुणे आले की दारातच तुमचे बाबा काय विचारतात ते आठवा, आणि मग हसा.

तर या जंगलात शिरपतराव नावाचे एक साळिंदर राहत. अंगावर काटे भरपूर, पण स्वभाव अगदी मऊ. त्यांच्या बायकोचं नाव सरूबाई आणि एकुलत्या एका लेकीचं नाव बकुळ. गेल्या वर्षी शिरपतराव टेकडीपलीकडे चुलतभावाच्या लग्नाला गेले होते. परत आल्यावर वडाखाली विचारणा झाली आणि ते खरं बोलून बसले. म्हणाले, चालत गेलो. सगळ्यांनी नजरा वळवल्या. एक म्हातारी घोरपड तर हळहळली. तेव्हापासून शिरपतराव पोळ्याखाली बसत आणि आम्हाला मधाचा वास आवडतो, असं सांगून वेळ मारून नेत.

त्याच सुमारास तीन टेकड्या सोडून गंमतवन उघडलं. तिथे घसरगुंड्या होत्या, भुलभुलैया होता, पण खरी गंमत होती ती आभाळपाळण्याची. पाळणा एवढा उंच, की वर गेलेलं पोर खाली येईपर्यंत आईला दोनदा काळजी वाटायची. त्याच्या गाद्या हवा भरलेल्या होत्या. टोकदार काही लागलं की गादी फुस्स. म्हणून दारावर एक अस्वल बसवलं होतं, हातात फुगा घेऊन. ते येणाऱ्याच्या पाठीवरून फुगा फिरवायचं. फुगा राहिला तर आत जा, फुटला तर घरी जा. अस्वल प्रेमळ होतं, पण नियमाला पक्कं होतं.

आता साळिंदराच्या पोराचे काटे जन्मल्यापासून एकच हंगाम मऊ असतात. टोकं पांढरी आहेत तोवर मऊ. टोकं काळी पडली की झाले टणक, ते जन्मभर. बकुळचा तो हंगाम चालू होता, आणि संपत आला होता. तिला पाळण्यात बसायचं होतं. रोज सकाळी ती एका वाकलेल्या फांदीवर बसून डोळे मिटायची आणि वर जाऊन यायची. शिरपतरावांनी तिला शब्द दिला होता, या हंगामात तुला पाळण्यात बसवणार म्हणजे बसवणार. त्यांचा जीव होता लेकीवर. त्यांनी घरीच तिच्या पाठीवरून फुगा फिरवून पाहिला. फुगा राहिला. बकुळ इतकी नाचली की शेवटी तो शिरपतरावांच्याच पाठीवर आपटून फुटला.

आता राहिलं उतरायचं कुठे ते ठरवायचं.

त्यासाठी ते टिटवीकडे गेले. टिटवी सगळीकडे जाऊन आलेली होती आणि सगळ्यांना सल्ला देत असे. तिनं आधी ससेकाकूंच्या घराचं नाव काढलं. गंमतवनाच्या दाराला लागूनच दोन खोल्या आहेत, म्हणाली, अंथरूण स्वच्छ, भाकरी गरम. शिरपतरावांनी विचारलं, वाहन कोणतं? टिटवी म्हणाली, वाहन नाही. खाटेवरून उतरलं की दारच.

शिरपतरावांच्या डोळ्यांसमोर वड उभा राहिला. कशानं गेलात? खाटेवरून उतरून. त्यांच्या कानाशी माश्या घोंघावायला लागल्या.

"म्हणजे सोय नाही," ते म्हणाले. टिटवी म्हणाली, तसं बघायला गेलं तर नाहीच.

मग तिनं आवाज खाली आणून आडरान पॅलेसचं नाव घेतलं. तिथून गंमतवनाला जायला हत्ती आहे. हत्ती नको तर तळ्यातून तराफा आहे. तराफा नको तर वानरांचा झोका आहे, झाडावरून झाडावर. तिन्ही फुकट, तिन्ही दिवसभर. सांगताना टिटवीचेच डोळे भरून आले. शिरपतरावांचं तर मन तिथेच जाऊन राहिलं.

आडरान पॅलेसचे मालक तरसशेठ स्वतः भेटायला आले. ते सारखे हसत असत. कशाला हसतात हे कुणालाच कळत नसे, पण हसणाऱ्या मालकावर विश्वास बसतो. आमच्याकडे वाहनांना तोटा नाही, असं ते हसत हसत म्हणाले.

सरूबाई जवळच कंद सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अहो, यांना एवढी वाहनं लागतात कशाला?"

"सोय म्हणून."

"पण एवढी सोय लागावी अशी गैरसोय काय आहे तिथे?"

प्रश्न अवघड होता, म्हणून शिरपतरावांनी तो फालतू ठरवला. तरसशेठना इतकं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ठरलं. तिघंही निघाली. आता गंमत ऐका. आडरान पॅलेसला जायची वाट गंमतवनाच्या दारावरूनच जात होती. दुपारी तिघं दारापाशी आली. आत पाळणा गरगर फिरत होता, वरून पोरांचं किंचाळणं आणि खिदळणं ऐकू येत होतं. अस्वल फुगा घेऊन बसलं होतं. रांगेत कुणी म्हणजे कुणी नव्हतं. पलीकडे ससेकाकू ओट्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, या, पाणी तरी घ्या.

बकुळनं बाबांचा पाय धरला. "बाबा, आलं ना? जाऊ या ना आत?"

"आधी सामान ठेवू," शिरपतराव म्हणाले. "हातपाय धुऊ, जरा टेकू, आणि मग वाहनानं थाटात येऊ."

सामान म्हणजे एक बोचकं होतं, त्यात कंद होते. पण सामान ठेवल्याशिवाय कुठे मजा करायची नसते, हे शिरपतरावांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं आणि वडिलांना आजोबांनी. शिवाय दारापर्यंत चालत आलो आणि चालतच आत गेलो, हे वडाखाली कोणत्या तोंडानं सांगायचं? तिघंही दारावरून पुढे गेली. बकुळ मागे बघत चालत होती, त्यामुळे वाटेत दोनदा झाडावर आपटली. आडरान पॅलेस यायला संध्याकाळ झाली.

जागा मोठी झकास होती. खिडकीतून गंमतवन सोडून सगळं दिसत होतं.

सकाळी शिरपतराव सगळ्यांच्या आधी हत्तीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. हत्ती आला तो गच्च भरलेला. पण शिरपतराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पाठीवर कडेला एक फट दिसताच त्यांनी खालूनच नेम धरून रुमाल टाकला. रुमाल बरोबर फटीत पडला. जागा धरली. मग ते सरूबाईंना हाक मारायला वळले, आणि हत्ती निघून गेला.

सरूबाई म्हणाल्या, आता दुसऱ्या हत्तीनं जाऊ. शिरपतरावांना ते पटेना. आपली जागा त्या हत्तीवर आहे, ती सोडून दुसरीकडे उभ्यानं का जायचं? आणि खरंच सांगतो, जागा कुणी घेतली नाही. त्या जंगलात रुमालाला फार मान होता. हत्ती दिवसभर फेऱ्या मारत होता आणि रुमाल कडेला आरामात बसून गंमतवनाला जात-येत होता. प्रत्येक वेळी थांब्यावर गर्दी एवढी व्हायची, की शिरपतरावांना रुमाल दिसायचा, पण हाताला लागायचा नाही. ते त्याच्याकडे बघून हात हलवायचे.

दिवस उतरणीला लागला तेव्हा गर्दी ओसरली. तिघंही वर चढली आणि शिरपतराव आपल्या जागेवर ऐटीत टेकले.

हत्तीची कातडी जाड असते हे खरं आहे. पण तुम्ही कधी साळिंदराला ऐटीत टेकताना पाहिलेलं नाही. हत्तीनं सोंड आभाळात उचलून असा कर्णा फुंकला की तळ्यातले बगळे उडाले, आणि तो वाट सोडून सुटला. माळ गेला, ओढा गेला, कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी त्याच्या सोंडेला लागून तीही बरोबर आली. पाठीवरचे सगळे एकमेकांना धरून ओरडत होते आणि बकुळ खिदळत होती. मध्येच लांब डोंगराच्या फटीतून तिला पाळणा दिसला, बांगडीएवढा.

"बघ, कडेची जागा होती म्हणून दिसला," शिरपतराव धापा टाकत म्हणाले.

हत्ती दमून थांबला तो आडरान पॅलेसच्याच दारात. खोलीवर आल्यावर सरूबाई लेकीच्या पाठीवरची धूळ झटकत होत्या. त्यांचा हात थांबला. काट्यांची टोकं करडी दिसत होती. त्यांनी शिरपतरावांना बाजूला बोलावून ते दाखवलं आणि म्हणाल्या, उद्या पहाटे उठून चालत जाऊ.

शिरपतरावांनी टोकं पाहिली. ती करडीच होती, हे मी लपवत नाही. पण चालत? वाहनं फुकट असताना? त्यांनी टोकांवर फुंकर मारून पाहिली आणि धुळीचा रंग असेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तराफा. केळीची खोडं बांधून केलेला होता, आणि तो ओढायची एक मगरबाई. मगरबाईंचं वेळापत्रक नव्हतं. त्या म्हणत, पोट भरल्याशिवाय माझ्यानं ओढवत नाही. मग त्या उतारूंकडे बघत. उतारू एकमेकांना वाट करून देत, तुम्ही व्हा पुढे, छे छे, आधी तुम्ही. इतकी सभ्य रांग त्या जंगलात दुसरीकडे कुठेच नव्हती. शिरपतरावांना मात्र काळजी नव्हती. साळिंदर खायचं म्हणजे घशाशी वैर. ते सहकुटुंब तराफ्यावर जाऊन बसले आणि मगरबाई नाइलाजानं उपाशीच निघाल्या.

तराफा छान चालला. वारा गोड होता. बोरूच्या बेटावरून पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसायला लागला, आणि बकुळ बसल्या जागी उड्या मारू लागली. घाट आला. इथून गंमतवनाचं दार चार पावलांवर. सरूबाई उतरल्या, बकुळ उतरली. शिरपतराव उतरेनात.

खोडं ओली होती आणि शिरपतराव ती मऊ लागतात म्हणून चांगले रेलून बसले होते. सगळे काटे आरपार रुतले होते. सरूबाईंनी ओढलं, बकुळनं ओढलं, घाटावरच्या दोन बदकांनी ओढलं. तराफाच वर यायला लागला, पण शिरपतराव सुटले नाहीत. मगरबाई म्हणाल्या, मला परतीची फेरी आहे.

शिरपतराव म्हणाले, तुम्ही दोघी जा, तिला पाळण्यात बसवा, मी येतोच. हे ते मनापासून म्हणाले. पण बकुळ तराफ्यावर परत येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"तुम्ही खाली उभे असाल तरच मी वर जाणार," ती म्हणाली. "नाहीतर मी हात कुणाला दाखवू?"

मग काय, तिघंही परत. पुन्हा घाट, पुन्हा परत. प्रत्येक फेरीला पाळण्याचा वरचा अर्धा भाग यायचा आणि जायचा. चौथ्या फेरीनंतर बकुळनं त्याला हात दाखवायला सुरुवात केली. काटे सुटले ते दिवस मावळताना, भिजून खोडं पार सैल झाल्यावर.

तिसऱ्या दिवशी टोकं गडद झाली होती. आज शिरपतरावांनी फुंकर मारली नाही. आज सुटायचं होतं ते थेट वानरांच्या झोक्यानं, सगळ्यात झटपट.

वानरांची रीत अशी, की एकानं उतारूला शेपटीनं उचलून दुसऱ्याकडे झुलवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. एरवी ती मधे थांबत, गप्पा मारत, उतारूच्या डोक्यातल्या उवा बघत. पण साळिंदर हातात घेऊन कोण थांबणार? पहिल्या वानरानं शिरपतरावांना उचललं, आई गं म्हटलं आणि फेकलं. दुसऱ्यानं झेललं, आई गं म्हटलं आणि फेकलं. पाठोपाठ सरूबाई, पाठोपाठ बकुळ. तव्यावरची भाकरी या हातातून त्या हातात करावी तशी तिघं साऱ्या रानावरून निघाली. झाडोझाडी आई गं, आई गं होत गेलं. शिरपतराव उलटे होते, बकुळ उलटी होती, पाळणाही उलटा दिसत होता आणि झपाट्यानं मोठा होत होता. सरूबाईसुद्धा हसायला लागल्या. असं तिघं मिळून ती कधीच हसली नव्हती. शेवटच्या वानरानं सोडलं आणि तिघं धप धप धप करत गंमतवनाच्या दारात येऊन पडली.

पोचले, बाळांनो. वाहनानं पोचले. शिरपतरावांनी काटे सारखे केले आणि लेकीला अस्वलापुढे उभं केलं.

अस्वलानं फुगा फिरवला. फट्ट.

अस्वल म्हणालं, फुगाच जुना असेल. दुसरा घेतला. फट्ट. तिसरा त्यानं अगदी हलका, नुसता टेकवल्यासारखा फिरवला. तोही फट्ट. अस्वलाला नाही म्हणायचंच नव्हतं. त्यानं पेटी उपसली, लाल, पिवळे, स्वतःच्या वाढदिवसाचा जपून ठेवलेला मोरपंखीसुद्धा. सगळे फुटले. शेवटी पेटी रिकामी झाली आणि दारात रंगीत चिंध्यांचा सडा पडला.

"काल संध्याकाळपर्यंत चाललं असतं हो," अस्वल म्हणालं आणि तोंड फिरवून बसलं.

शिरपतरावांना फार वाईट वाटलं. इतकं, की त्यांचे सगळे काटे खाली बसले. लेकीकडे बघायचा धीर होईना. बकुळ पाठ वळवून आपली टोकं बघायचा प्रयत्न करत होती.

"म्हणजे मी मोठी झाले ना, बाबा?" तिनं विचारलं.

शिरपतराव हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ससेकाकूंनी हाक मारली आणि तिघांना ओट्यावर बसवून गरम भाकरी दिली. ओट्यावरून पाळणा इतका जवळ होता की वर गेलेल्या एका खारीची चप्पल बकुळच्या ताटात पडली. बकुळनं ती पुसून ठेवली.

घरी परतल्यावर वड भरला. माश्यांच्या पोळ्याखालून शिरपतरावांना पुढे बोलावलं. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, खरं सांगायचं. पोरीचा पाळणा हुकला, माझ्यामुळे हुकला, एवढंच सांगून परत मागे जाऊन बसायचं.

"जायला-यायला कसं होतं?" घोरपडीनं विचारलं.

शिरपतरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून हत्ती निघाला. हत्तीमागे रुमाल, रुमालामागे गोधडी. वड हसून हलायला लागला. तराफा आला तेव्हा घोरपड लोळत होती. वानरांपर्यंत पोचले तेव्हा शिरपतराव स्वतःच आई गं करत या फांदीवरून त्या फांदीवर जात होते. तीन वाहनं, तिन्ही फुकट, एकदा तर कडेची जागा. असं वर्णन वडाखाली पूर्वी झालं नव्हतं.

बकुळ एका बाजूला बसून होती. तिला वाटत होतं, आता कुणीतरी पाळण्याचं विचारेल. तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. शेवटी तिनं ते आपणहूनच सांगितलं. म्हणाली, "पाळणा फार छान आहे. हत्तीवरून बांगडीएवढा दिसतो, तराफ्यावरून अर्धा दिसतो आणि झोक्यावरून उलटा दिसतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिन्ही वाहनांतून पाळणा दिसतो, हे तर टिटवीलाही माहीत नव्हतं. शिरपतरावांना कायमची पुढची जागा मिळाली. त्यांनी लेकीला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला टोचलं, पण त्यांनी हात काढला नाही.

पुढच्या हंगामात सारं जंगल आडरान पॅलेसला लोटलं. तरसशेठ इतके हसले की त्यांना दुसऱ्यांनी धरून ठेवावं लागलं. ससेकाकूंनीही शहाणपण केलं. दाराशेजारच्या खोल्या बंद करून त्यांनी चार टेकड्यांपलीकडे बिऱ्हाड थाटलं, आणि एक रेडा ठेवला. तेव्हापासून त्यांच्याकडे जागा मिळत नाही. गंमतवनाच्या दारात अस्वल फुगा घेऊन एकटंच बसतं. पाळणा बहुतेक वेळ रिकामाच फिरतो.

बकुळ मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला एक लेक झाली, पांढऱ्या टोकांची. टोकं पांढरी आहेत तोवरच एका सकाळी बकुळ तिला घेऊन निघाली. सामान नाही, रुमाल नाही. सरळ चालत दारापाशी गेली. फुगा राहिला. पोर वर गेलं, बकुळ खाली उभी राहिली, आणि वरून तिला कुणीतरी हात दाखवला.

परत आल्यावर वडाखाली विचारणा झालीच. बकुळ म्हणाली, चालत गेलो. सगळे हळहळले. म्हाताऱ्या शिरपतरावांची लेक, आणि चालत. दोघी मायलेकी गुपचूप मागे जाऊन पोळ्याखाली बसल्या.

वर गेल्यावर त्या पोरीला काय दिसलं? मला ठाऊक नाही, बाळांनो. ते कुणी विचारलंच नाही, म्हणून ते या गोष्टीत नाही.

तात्पर्य: उतरायला दाराशेजारची जागा चुकूनसुद्धा घेऊ नये. तिथून माणूस थेट पोचतो, आणि पोचलेल्या माणसाजवळ चारचौघांत सांगण्यासारखं काही उरत नाही.